वहिनींचा खोटा पेशंट

फोन आला तेव्हा मी गोष्ट सांगत होतो. शाळेच्या कार्यालयात, मधल्या सुट्टीत, हातात चहाचा कप, समोर दोन शिक्षक आणि शिपाई. आमच्या तेर गावच्या चुलत्याच्या लग्नात नवरदेवाचा फेटा शेळीनं खाल्ला, ती गोष्ट. गेली तीस वर्षं मी ती सांगतोय आणि दर वर्षी फेटा हातभर लांब होतोय. फोनवर दादाचं नाव होतं. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. पण तो स्वतः कधी फोन लावायचा नाही, त्याच्या फोनवरून बोलायच्या त्या नेहमी मीरावहिनीच. म्हणून मी सवयीनं म्हणालो, "बोला वहिनी." पलीकडून दादाचाच आवाज आला, "वहिनी न्हाय आता, बाळू." मी कप खाली ठेवला तो हजेरीपटावर, आणि त्याचा गोल डाग अजून तिथं आहे. बाहेर पडलो तेव्हा शिपाई मागून विचारत होता, सर, मग शेळीचं पुढं काय झालं?

याला आता दीड महिना झाला. वहिनींना ओळखणारी माणसं उमरग्यात, धाराशिवात, पार सोलापुरापर्यंत आहेत. त्यांच्याबद्दल लिहायला त्या सगळ्यांत मी कमी लायक, आणि हे मी नम्रपणानं म्हणत नाही. पुढं वाचाल तेव्हा पटेल. पण घरात गोष्टी सांगणारा मीच. लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की पोरंबाळं माझ्याभोवती बसणार आणि मी मीठमसाला घेऊन सुरू होणार. तेव्हा हे कामही माझ्याच गळ्यात आलं.

वहिनी समुपदेशक होत्या. उमरग्याला, हायवेपासून जवळच असलेल्या एका केंद्रात त्यांनी वीसेक वर्षं काम केलं. आमच्या नातेवाइकांना हे काम काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. 'दवाखान्यात बसते, पण सुई टोचत न्हाय', एवढीच माहिती. त्यांच्यापुढं येऊन बसायचे ते एचआयव्ही झालेले लोक आणि दारूत बुडालेले लोक, आणि पुष्कळदा दोन्ही एकच. ट्रकवाले, ऊसतोडीला जाणारे, ढाब्यावरचे, शेतकरी... आणि त्यांच्या बायका, ज्यांनी ट्रक आतून कधी पाहिलाही नव्हता. वहिनी वर्षातून दोनदा-तीनदा पुण्याला नाहीतर हैदराबादला प्रशिक्षणाला जायच्या. व्यसन आणि एचआयव्हीवर संशोधन करणारी मोठी माणसं तिथं आपलं काम मांडायची. परत आल्या की दोन दिवस त्यांचं डोकं तिकडंच. भाजी परतता परतता दादाला आणि मला सांगायच्या, आणि दादा हं हं करत पेपर वाचायचा. एकदा त्यांनी झारा तसाच हातात धरून मला सांगितलं, "भावजी, दारू आणि हा आजार एका अंगात एकत्र राहतात. आपण मात्र त्यांना दोन खोल्यांत, दोन केसपेपरांवर ठेवतो. माणूस राहतो मधल्या व्हरांड्यात." मी म्हणालो, वहिनी, भाजी करपली. ती खरंच करपली होती.

मग तिकडं शिकलेलं इकडं द्यायचं म्हणून त्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांसाठी, नर्सबायांसाठी, आपल्यासारख्या समुपदेशकांसाठी धाराशिवला प्रशिक्षणं घ्यायच्या. एका हॉटेलाच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह, पडद्यावर आलेख, बाहेरून आलेले एखादे संशोधक डॉक्टर, दुपारी जेवण, आणि जेवणानंतर डुलक्या. डुलक्यांवर उपाय म्हणून वहिनींनी रोल प्ले ठेवला. म्हणजे एकानं पेशंट व्हायचं, एकानं समुपदेशक, बाकीच्यांनी बघायचं. पहिल्या वेळी पेशंट झालेल्या डॉक्टरांना हसूच आवरेना. दुसऱ्या वेळी एक बाई पेशंट झाल्या आणि स्वतःच समुपदेशकाला औषधांची नावं सांगू लागल्या. तेव्हा वहिनींना मी आठवलो. तेरच्या जत्रेतल्या नाटकात मी लागोपाठ नऊ वर्षं मरणारा म्हातारा केला होता, एवढंच माझं भांडवल. वहिनी म्हणाल्या, "तिथं मरायचात तसं मरायचं नाही. पेशंट जगायला आलेला असतो. फक्त तो खोटं बोलतो. ते तुम्हाला जमेल."

जमलं. सुट्टी टाकून मी वहिनींचा खोटा पेशंट झालो. मी कधी ऊसतोडीचा मुकादम व्हायचो, कधी ट्रकचा किन्नर म्हणजे क्लीनर, कधी कारखान्यावरचा वॉचमन. समोरचा नवा समुपदेशक विचारायचा, दारू पिता का? मी म्हणायचो, न्हाय बा, माळकरी हाय म्या... आणि असं म्हणताना जरासा डुलायचो. सभागृह हसायचं. समोरचा भडकून मला दारूवर भाषण द्यायला लागला की वहिनी उठून थांबवायच्या. "हा माणूस आता पुढच्या महिन्यात येणार नाही. तुम्ही त्याला हरवलंत, पण तो गेला. पुन्हा विचारा." मग तो समुपदेशक पुन्हा पहिल्यापासून विचारायचा. मला वाटायचं, लोक माझ्यासाठी येतात. ढोकीचे एक डॉक्टर तर मला बाजारात पाहून 'काय मुकादम' म्हणून हाक मारायचे, आणि मी बायकोला म्हणायचो, बघ. ती म्हणायची, सोंगाड्याला लोक ओळखतात त्यात काय नवल.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. पुढं मी जिला घोंगडी म्हणणार आहे ती घोंगडी नव्हती, आणि ज्याच्याबद्दल सांगणार आहे तो माणूस मेंढरं राखत नव्हता. खरं काय होतं ते या लेखात कुठंच येणार नाही. वस्तू बदलूनही घडलेलं तसंच उभं करायचं, एवढी कारागिरी मला येते. ती लपवायच्या कामी मी आयुष्यात पहिल्यांदाच वापरतोय.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. वहिनी डबा विसरल्या की तो पोचवायचं काम माझ्याकडं असायचं, कारण आमची शाळा केंद्राच्या वाटेवर. एक दिवस डबा घेऊन गेलो तर त्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. आत वहिनी आणि एक मेंढपाळ, दोघं टेबलावर पसरलेल्या घोंगडीवर वाकलेले, जोडीनं तांदूळ निवडावेत तसे. घोंगडीच्या काठाला ज्या लोंबत्या दशा असतात त्यांना गाठी मारलेल्या होत्या आणि वहिनी त्या बोटानं मोजत होत्या. महिनाभराच्या गोळ्या बाटलीत मिळतात, आणि बाटली वाजते. माळावर भावाभावांचा एकत्र वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, आणि एकत्र जेवण. तिथं बाटली लपवणार कुठं? म्हणून हा माणूस एकेक गोळी प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळून एकेका गाठीत बांधायचा. तीस दिवस, तीस गाठी. कुणी विचारलं तर बिरोबाचा नवस आहे म्हणायचा. देवाच्या गाठीला कोण हात लावतंय? रोज एक गाठ सोडायची, गोळी घ्यायची. पण त्या दिवशी चार गाठी तशाच होत्या आणि वहिनी विचारत होत्या, मामा, या कशा राहिल्या?

"बाजारच्या हैत मॅडम," तो म्हणाला. "बाजाराच्या दिवशी पितो म्या. डाक्टर म्हनले व्हते, दारूवर गोळी घ्यायची न्हाय. मग न्हाय घेतली."

वहिनींनी त्या चार गाठी पुन्हा एकदा मोजल्या. दारू पिऊ नका, या अर्थानं सगळेच सांगत होते, त्याही सांगत होत्या. आणि ऐकणारा दारूच्या दिवशी इमानदारीनं गोळी सोडत होता. मग त्या हळू म्हणाल्या, "मामा, प्यालात तरी गोळी घ्या. दारूचं आपण सावकाश बघू. गाठ मात्र रोज सुटली पाहिजे." तेवढ्यात त्यांची नजर दाराकडं गेली आणि दारात मी, हातात डबा. संध्याकाळी घरी त्या एवढंच बोलल्या, की भावजी, दुपारी जे बघितलं ते तिथंच ठेवा. मी मान हलवली. मान हलवताना मनापासूनच हलवली होती, हे मला सांगितलंच पाहिजे.

पुढच्या प्रशिक्षणाला विषय हाच होता, दारू पिणाऱ्या माणसाच्या गोळ्या का चुकतात. पुण्याहून एक संशोधक डॉक्टर आले होते, तेही हेच शोधत होते. सभागृहाला विचारलं तर उत्तर एकच, निष्काळजीपणा. वहिनी उठून म्हणाल्या, नाही, आपणच त्यांना तसं सांगितलंय. हे मला एका माणसानं शिकवलं. बस, एवढंच. त्या माणसाचं गाव, वय, काम, काहीच नाही. मला ते फारच फिकं वाटलं. दुपारी माझी पाळी आली. मी तेरहून मागून आणलेली घोंगडी खांद्यावर टाकून आत आलो आणि टेबलावर पसरली. तिच्या दशांना मी आदल्या दिवशी तीस गाठी मारून ठेवल्या होत्या. एकेक गाठ सोडत गेलो, बाजाराच्या दिवसापाशी अडखळलो, डुललो, बिरोबाची शपथ घेतली... लोक हसले, मग गप्प झाले, मग टाळ्या. पुण्याचे डॉक्टर भराभरा लिहून घेत होते. तिसऱ्या रांगेतल्या एका नर्सबाईंनी तोंडावर हात ठेवला होता. मला वाटलं, हसू दाबतायत. वहिनींचं पेन मात्र थांबलेलं होतं. त्यांनी पुढची चर्चा न घेता सगळ्यांना चहाला पाठवलं.

परतीच्या एसटीत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी न राहवून विचारलं, कसं झालं? त्या म्हणाल्या, "चांगलं झालं भावजी. लई चांगलं झालं... तेच वाईट झालं."

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, मी दादाकडं पोहे खात बसलो होतो तेव्हा त्या नर्सबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनी तसल्या गाठी खरोखरीच्या घोंगडीवर पाहिल्या होत्या, त्यांच्याच हद्दीतल्या एका वाड्यावर, आणि नवस आहे म्हणून हातही जोडले होते. सभागृहात त्यांना सगळं लख्ख कळलं. गावी गेल्यावर त्या माणसाच्या भावजयीला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, वाईट म्हणून नव्हे, त्याच्या खाण्यापिण्याकडं लक्ष ठेवा म्हणून. भावजयीनं नवऱ्याला सांगितलं. भावांनी घोंगडी वाड्यामागं नेऊन जाळली, त्या महिन्याच्या गोळ्या गाठींत तशाच असताना. आणि तो माणूस उठून निघून गेला. कुठं, कुणाला माहीत नाही. "मॅडम, म्या त्याचं बरंच बघाया गेले हो," म्हणून त्या बाई पदर डोळ्याला लावून रडत होत्या, आणि वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझ्याकडं त्या दोघींपैकी कुणीच बघितलं नाही. मी कुठं सांगितलं होतं? मी फक्त करून दाखवलं होतं... हे वाक्य मी तेव्हाच मनात तयार करून ठेवलं. आज पहिल्यांदा कागदावर उतरवलं, तर केवढं फाटकं दिसतंय.

या गोळ्या थांबल्या की आजार काही थांबत नाही. तो दबलेला असतो, तो उठतो. किती दिवसांत, ते माणसागणिक वेगळं. वहिनी दुसऱ्या दिवशी केंद्रातून आल्या त्या सरळ माझ्या घरी आणि म्हणाल्या, भावजी, रविवारी गाडी काढा. पुढचे चार रविवार मी मोटारसायकल चालवत होतो आणि वहिनी मागं बसून माळावर मेंढरं दिसतात का बघत होत्या. आम्ही ढोकीच्या बाजूला गेलो, तेरच्या नदीकाठानं गेलो, आणि मग उमरग्याच्या खाली सीमेकडं. अडचण अशी की शोधायचं होतं, पण कुणाला शोधतोय हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. नाव विचारलं तर का विचारता, असं होणार. म्हणून वहिनींनी घोंगडी विकत घ्यायचं निमित्त काढलं. वाड्यावर जायचं, असतील तेवढ्या घोंगड्या बघायला मागायच्या, दशा हातात धरून निरखायच्या, माणसं निरखायची, आणि संशय नको म्हणून एखादी घ्यायची. चैत्राच्या उन्हात. एक म्हातारा मेंढपाळ मला बाजूला घेऊन म्हणाला, "पावनं, मालकीणबाईंला हिव भरतंय व्हय?" मी म्हणालो, वहिनी हैत माझ्या. "मंग तुमी का हिंडताव उनातानात?" याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. तीन रविवारांत तीन घोंगड्या झाल्या. दादानं विचारलं, एवढ्या कशाला? वहिनी म्हणाल्या, भावजींना हौस आलीय.

चौथ्या रविवारी सीमेजवळ, जिथं माणसं अर्धं मराठी अर्धं कानडी बोलतात तिथं, रस्त्यापासून लांब एक कळप दिसला. वहिनींनी गाडी थांबवायला लावली. त्या बराच वेळ डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तुम्ही इथंच थांबा. तोंड रस्त्याकडं करा." मी केलं. समोरून हैदराबादचे ट्रक चाललेले. पण तोंड रस्त्याकडं असलं तरी मोटारसायकलला आरसा असतो, आणि मी मी आहे. आरशात ढेकळं, धूळ, धुळीत मेंढरं, आणि करंगळीएवढ्या वहिनी चालत गेल्या, मग उभ्या राहिल्या. त्यांच्यासमोर कुणी होतं की नुसतं बाभळीचं खोड, ते शेवटपर्यंत कळलं नाही. अर्ध्या तासानं त्या परत आल्या. या खेपेला हातात घोंगडी नव्हती. डोळे लाल होते. धुळीनं का कशानं, कोण जाणे. मी विचारलं, भेटला?

"कोण?" त्या म्हणाल्या.

तो.

"मी घोंगडी बघायला गेले होते भावजी. पसंत नाही पडली. चला." पाचव्या रविवारी त्या मला बोलवायला आल्या नाहीत. तो भेटला म्हणून, की आता भेटणार नाही हे कळलं म्हणून... दोन्ही अर्थ मी हजार वेळा लावून पाहिले. दोन्ही बसतात.

त्यानंतरच्या प्रशिक्षणात वहिनींनी आलेख दाखवायच्या आधी उभं राहून सांगितलं, की मागच्या वेळी याच सभागृहात एका पेशंटची ओळख फुटली, आणि "ती चूक माझी आहे. माझ्या खोलीचं दार मी लावलं नव्हतं." मी मागच्या रांगेत बसलो होतो. दार, म्हणाल्या. माझं नाव नाही, माझ्या गाठी नाहीत, दार. पुण्याच्या डॉक्टरांनाही त्यांनी पत्र लिहून ते लिहून घेतलेलं खोडायला लावलं होतं, हे मला नंतर कळलं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना गाठून म्हणालो, वहिनी, मला आता या कामातून काढा. त्या ताटात वरण वाढून घेत होत्या. म्हणाल्या, "गोळी चुकली म्हणून पेशंट काढत नाही आपण भावजी. उद्याची घ्या म्हणतो. दुपारी तुमची पाळी आहे. या वेळी खोटा माणूस आणा, पूर्ण खोटा." आणि मी त्या दुपारी उभा राहिलो. लोक हसले नाहीत फारसे. पूर्ण खोटा माणूस करणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर एक मात्र झालं, वहिनींनी डबा विसरणं सोडलं. त्या असेपर्यंत केंद्राची पायरी मी पुन्हा चढलो नाही. शिक्षा म्हणा, ती एवढीच.

मला मात्र एक रोगच लागला. एसटी स्टँडवर, आठवडी बाजारात, कुणाच्या खांद्यावर घोंगडी दिसली की माझी नजर आधी दशांवर जाते. मोकळ्या असतात. एकदा सोलापूरच्या गाडीत पुढच्या बाकावरच्या माणसाच्या दशेला एक गाठ दिसली आणि मी माझा थांबा सोडून तीन थांबे पुढं गेलो. त्याच्या नातीनं खेळताना मारलेली होती. लग्नात पोरं अजून गोष्ट सांगा म्हणून भोवती बसतात. मी शेळीची सांगतो, विहिरीत पडलेल्या जावयाची सांगतो, आणि मध्येच कुणीतरी मागं उभं आहे असं वाटून वळून बघतो... बायको म्हणते, पाठीमागं कोण हाय तुमच्या? मी म्हणतो, कुणी न्हाय. दर सहा महिन्यांनी वहिनींना एकदा विचारायचो, आला का तो? आणि वहिनी दर वेळी निर्मळ चेहऱ्यानं विचारायच्या, कोण?

दोन वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं निकामी होत चाललीत असं कळलं. आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिस. दादा आणि मी आळीपाळीनं न्यायचो. यंत्राला जोडलेल्या असतानाही शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्या विचारायच्या, काल औषध घेतलं का, आणि तो घेतलं म्हणाला की माझ्याकडं बघून डोळे मिचकावायच्या, म्हणजे खोटं बोलतोय. शेवटच्या खेपेला आमची पाळी लांबली, दोघंच होतो. त्या थकलेल्या होत्या. मला काय सुचलं, मी त्यांच्या उशाशी वाकून म्हणालो, वहिनी, एवढं तरी सांगा. जिवंत आहे का, एवढंच. मला रात्रंदिवस चैन नाही हो. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे.

"तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी त्याची गोष्ट परत सांगू व्हय, भावजी?"

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, सुई नसलेला. एवढंच.

माती द्यायला... म्हणजे स्मशानात, आमच्या माणसांपेक्षा अनोळखी माणसं जास्त होती. बाभळींच्या कडेला दोघंतिघं, भिंतीपाशी चारपाच, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, कुणी पुढं येत नव्हतं. आमचे नातेवाईक मला विचारत होते, बाळू, हे कोण लोक? गोष्ट सांगायची याहून मोठी संधी मला मिळायची नव्हती. मी म्हणालो, ओळखीचे हैत.

गेल्या आठवड्यात केंद्रातून निरोप आला, मॅडमचं सामान घेऊन जा. दादाच्यानं होईना, मी गेलो. त्यांच्या जागी आता रेश्मा नावाची तरुण मुलगी बसते, वहिनींच्या हाताखाली तयार झालेली. चष्मा, शाल, पाण्याची बाटली, एक उशी... पिशवी भरली. तेवढ्यात तिला कुणीतरी बोलावलं. "काका, बसा, दोन मिनिटांत आले," म्हणून ती गेली. टेबलावर जुन्या नोंदवह्यांचा गठ्ठा होता, कपाटात ठेवायला काढलेला. सगळ्यात वरच्या वहीवर वर्ष लिहिलेलं होतं, आणि ते तेच वर्ष होतं. मला त्याचं नाव त्या नर्सबाईंच्या बोलण्यातून माहीत होतं. पान उलटायचं, बोट खाली न्यायचं, पुढच्या महिन्यांच्या रकान्यांत खूण आहे की नाही बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. आठ वर्षं मी त्या अर्ध्या मिनिटासाठी तळमळत होतो. खोलीत कुणी नव्हतं. वहिनींची खुर्ची मात्र समोर होती... मी पिशवी उचलली, बाहेर आलो, आणि येताना दार लावून घेतलं. कडी नीट बसली का तेही बघितलं.

व्हरांड्यातले बाक पूर्वी समोरासमोर होते, मला आठवत होतं. आता ते सगळे भिंतीकडं तोंड करून ठेवलेले. शाळेत शिक्षा केलेल्या पोरांसारखे चार-पाच जण भिंतीकडं बघत बसले होते. पलीकडून परत येणाऱ्या रेश्माला मी विचारलं, हे कुणी केलं? ती म्हणाली, मॅडमनीच, पुष्कळ वर्षं झाली. त्याआधी एका पेशंटची ओळख फुटली होती म्हणे. डॉक्टर म्हणत होते त्या भिंतीवर पोस्टर लावू, तर मॅडम म्हणाल्या, मोकळी राहू द्या, इथं बसणाऱ्याला बघायला तेवढी एकच जागा आहे. ती आत गेली. पिशवी मांडीवर घेऊन मीही एका बाकाच्या टोकाला बसलो, भिंतीकडं तोंड करून. भिंतीला नुसता चुना. थोड्या वेळानं बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी येऊन बसलं. पुरुष असावा, बाक दबला, काठी टेकल्याचा आवाज आला.

"जुन्या मॅडम गेल्या म्हनं," तो भिंतीला म्हणाला.

मी म्हणालो, "व्हय."

"लई दिस वळखत व्हतो म्या." आवाज ऐकलेला होता की नव्हता... आठ वर्षांपूर्वी अर्धवट दारातून ऐकलेली दोन वाक्यं, त्यावर काय ओळखणार? मान जराशी वळवली असती तर चेहरा दिसला असता. आतून रेश्मानं पुढचे या म्हणून हाक दिली. शेजारचा माणूस काठी टेकत उठला, माझ्या मागून चालत गेला. दार लागल्याचा आवाज येईपर्यंत मी भिंतीकडंच बघत होतो.